वेगळं होण्याचा फॉर्म

मी जबलपूरला ओमतीत राहते. घंटाघरापासून चालत दहा मिनिटं. खाली ऑफिस, वर घर, त्यामुळे बोलताना मागून रिक्षांचे हॉर्न ऐकू आले तर समजून घ्या. १९५६ साली मध्य प्रदेश नवा झाला, हायकोर्ट जबलपूरला आलं, आणि नागपूरच्या कोर्टातली बरीच मराठी माणसं त्याच्या मागोमाग इथे आली. माझे सासरे त्यांतलेच. आमच्या मराठीत हिंदी मिसळलेली असते. नागपूरकरांना ते खटकत नाही, पुणेकरांनी आज चालवून घ्यावं.

मी वकील आहे. बहुतेक कामं घरातली: पोटगी, ताबा, वाटणी. आज ज्या मुलीबद्दल बोलणार आहे तिला विचारून बोलते आहे. तिचं नाव, शाळा, मोहल्ला सांगणार नाही. अशा प्रकरणातल्या मुलांची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे, आणि ती नसती तरी सांगितली नसती.

ती पहिल्यांदा आली तेव्हा साडेसोळा वर्षांची होती. अकरावीत. संध्याकाळची वेळ, मी ऑफिस बंद करत होते. शाळेच्या दप्तरासकट दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, मला बाबांपासून वेगळं व्हायचंय. त्याचा फॉर्म कुठे मिळतो?"

मला हसू आलं. त्याची आज लाज वाटते. पण फॉर्म म्हणजे कसा, तर रेशनकार्डातून नाव काढायचा असतो तसा! तिने मोबाईलवर एक अमेरिकन मालिका पाहिली होती. त्यात एक मुलगी कोर्टात जाऊन आईवडिलांपासून मोकळी होते, स्वतःचं घर घेते. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि वकिलाने द्यावं तसं उत्तर दिलं. आपल्याकडे असा कायदा नाही बेटा. अठरा पूर्ण होईपर्यंत तू अज्ञान. मग बोलू.

उत्तर बरोबर होतं. हे आधी नीट सांगते, मग त्यात काय चुकलं ते सांगते.

अज्ञान हा शब्द आपल्या कायद्याच्या मराठीतला. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' हा शेरा पाहिला असेल, अज्ञान पालन कर्ता. मूल कितीही हुशार असो, अठराव्या वाढदिवसापर्यंत ते अज्ञान. हे वय १८७५ च्या सज्ञानता कायद्याने ठरवलेलं आहे. कोर्टाने पालक नेमला असेल तर ते एकवीस होतं, १९९९ साली ती तरतूद गेली आणि सगळ्यांना अठरा झालं. मधली पायरी नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात चौदा वर्षांचं मूल वेगळं राहत असेल, त्याला आईवडिलांची संमती असेल आणि ते स्वतःचे पैसे स्वतः सांभाळत असेल, तर कोर्ट त्याला मुक्त जाहीर करू शकतं. त्याला तिथे एमॅन्सिपेशन म्हणतात. आपल्याकडे अशी खिडकीच नाही.

आणि तरी आपला कायदा मुलांना तुकड्यातुकड्याने मोठं समजतो, हे विचित्र आहे. दहा वर्षांचं मूल बँकेत स्वतःच्या सहीने बचत खातं चालवू शकतं. चौदा पूर्ण झाली की धोक्याची नसलेली नोकरी करू शकतं. पण पंधरा वर्षांच्या पोराने दुकानात काम करून पगार कमावला आणि त्या पगारातून खोली भाड्याने घ्यायची म्हटली, तर त्याचा करारच होत नाही. अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरी बीबीच्या खटल्यात सांगितलं, ते अजून चालू आहे. म्हणजे कमवायला मोठा, राहायला लहान.

'आईवडिलांशी घटस्फोट' हे शब्द बातम्यांत गाजले ते १९९२ साली. फ्लोरिडातल्या बारा वर्षांच्या मुलाने, जो बरीच वर्षं दुसऱ्यांकडेच वाढत होता, आईचे हक्क संपवा म्हणून स्वतःच्या नावाने अर्ज केला आणि जिंकला. जगभर बातमी झाली. पुढचं मात्र फारसं कोणी छापलं नाही. वरच्या कोर्टाने नंतर सांगितलं की मुलाला स्वतःच्या नावाने दावा करू द्यायला नको होता. पण त्याच्या बाजूने मोठ्या माणसांनीही अर्ज केले होते, म्हणून आईचे हक्क संपवणारा निकाल टिकला. तेव्हा तिकडेही हा फॉर्म वाटतो तितका सहज मिळत नाही.

आपल्या मराठीत 'वेगळं होणं' म्हणजे काय? भाऊ वेगळे झाले. मुलगा वेगळा निघाला. चूल वेगळी मांडली. गंमत अशी की या अर्थाने अज्ञान मूल बापापासून वेगळं होऊ शकतं! हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा जन्मतः हिस्सा असतो. बाप ती मिळकत उडवत असेल, तर अज्ञान मुलाच्या वतीने वादमित्र, म्हणजे ज्याचा हितसंबंध मुलाच्या विरुद्ध नाही असा कोणीही सज्ञान माणूस, वाटणीचा दावा लावू शकतो. १९५८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, वाटणी मुलाच्या हिताची आहे असं कोर्टाला पटलं तर दावा लावला त्या दिवसापासूनच ते मूल वेगळं झालं असं धरायचं. मुलींना हा हिस्सा २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. मुंबई इलाख्यात आणखी एक मेख होती. आपाजी नरहर कुलकर्णींच्या खटल्यात १८९१ साली मुंबई हायकोर्टाने म्हटलं की बाप स्वतः आपल्या वडिलांबरोबर किंवा भावांबरोबर एकत्र असेल, तर त्याच्या संमतीशिवाय मुलाला वाटणी मागता येणार नाही. जमिनीचा प्रश्न आला की आपल्या कोर्टांनी किती बारीक विचार केलाय पाहा. माझ्या समोर बसलेल्या मुलीच्या बापाकडे मात्र वडिलोपार्जित काही नव्हतं. होती ती दारू.

मूल कुणाचं, हा प्रश्न मराठी मुलखात कोर्टापुढे पहिल्यांदा गाजला तो धर्मांतरामुळे. १८३९ साली मुंबईत धनजीभाई नौरोजी हा सोळा-सतरा वर्षांचा पारशी मुलगा मिशनरी जॉन विल्सन यांच्याकडे गेला आणि ख्रिस्ती झाला. नातेवाईक सुप्रीम कोर्टात गेले, तेव्हा मुंबईला त्या नावाचं कोर्ट होतं. मुलगा कळत्या वयाचा आहे, त्याला हवं तिथे जाऊ द्या, असं कोर्टाने ठरवलं आणि तो विल्सन यांच्याबरोबर परत गेला. चार वर्षांनी, १८४३ साली, त्याच कोर्टापुढे श्रीपत शेषाद्रीचं प्रकरण आलं. मोठा भाऊ नारायण ख्रिस्ती झाला होता. हा श्रीपत बारा वर्षांचा, मिशनरी नेस्बिट यांच्या घरी राहत होता. वडिलांनी मुलगा मागितला. या वेळी न्यायमूर्ती पेरींनी श्रीपतला वडिलांच्या हवाली केलं. घरी आला तर जातीत घेईनात, मिशनऱ्यांच्या घरी राहिलेला म्हणून. त्याला शुद्ध करून परत घ्यावं म्हणून 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं, ती वेगळी कथा.

मला या दोन खटल्यांत धर्मापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कोर्टाने तेव्हाही कळतं वय आणि न कळतं वय असा फरक केला होता. सोळाच्या मुलाला विचारलं, बाराच्या मुलाला नाही. पुढे १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आला, तो आजही चालू आहे. त्यात लिहिलंय की मूल समजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्टाने ती पसंती विचारात घ्यावी. छान. पण त्याच कायद्यात अर्ज कोणी करायचा याची यादी आहे: पालक होऊ इच्छिणारा, मुलाचा नातेवाईक किंवा मित्र, जिल्ह्याचा कलेक्टर. यादीत खुद्द मूल नाही. त्याला विचारतील, पण दार त्याने वाजवायचं नाही. आणि ते पालकाच्या ताब्यातून निघून गेलं, तर त्याच्या हिताचं असेल तेव्हा त्याला पकडून परत देण्याचा हुकूम कोर्ट काढू शकतं. कायद्यात शब्दच अटकेचा आहे.

आता माझी चूक.

मी त्या मुलीला विचारलंच नाही की तुला वेगळं का व्हायचंय. ती फॉर्मबद्दल बोलली, मी फॉर्मबद्दल बोलले. अर्ध्या तासात तिने दोनदा डावी बाही खाली ओढली होती, ते मला नंतर आठवलं. आई तीन वर्षांपूर्वी गेलेली. मावशी नागपूरला. मावशी म्हणत होती, इकडे ये, बारावी इथे कर. पण शाळा सोडल्याचा दाखला हवा आणि त्यावर वडिलांची सही हवी. वडील सही देत नव्हते. मुलगी गेली तर घरचं कोण करणार? तिचा 'फॉर्म' म्हणजे खरं तर तो दाखला होता. एका सहीपासून तिला सुटका हवी होती. मी तिला अठराव्या वाढदिवसाची तारीख सांगून घरी पाठवलं.

पंधरा दिवसांनी ती रात्रीच्या बसने सिवनीमार्गे नागपूरला गेली. तिकीट मावसभावाने ऑनलाइन काढलं होतं. हा मावसभाऊ एकोणीस वर्षांचा, पॉलिटेक्निकला.

सकाळी वडिलांनी ठाण्यात तक्रार दिली. मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ साली सांगितलेलं आहे. मुलांच्या विक्रीची प्रकरणं पाहिली की ते योग्यच वाटतं. पण त्याने झालं असं की मावसभाऊ एका रात्रीत आरोपी. तेव्हा भारतीय दंड संहिता होती, मुलगी अठराच्या आत असेल तर, आणि मुलगा सोळाच्या आत असेल तर, कायदेशीर पालकाच्या ताब्यातून नेणं हा गुन्हा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३७ आहे, त्यात मुलगा-मुलगी दोघांनाही अठरा. मुलाची मर्जी होती हा त्यावर बचाव नाही. ऐकताय ना? भाचीला, पुतण्याला, मुलाच्या मित्राला तुम्ही प्रेमापोटी घरी ठेवून घेतलंत आणि कुणाला कळवलं नाहीत, तर उद्या पोलीस तुमच्या दारात येऊ शकतात.

मावशीचा फोन आला तेव्हा मी देवपूजा अर्धी टाकून खाली आले. या बाबतीत एक जुना निकाल कामी येतो. मद्रासच्या वरदराजन यांच्या खटल्याचा, १९६५ च्या कायद्याच्या अहवालांत छापलेला. अठराच्या अगदी जवळ आलेली कॉलेजातली मुलगी स्वतः घरातून निघाली, तिनेच फोन करून त्याला बोलावलं. सुप्रीम कोर्टाने म्हटलं, मुलीला काय करतोय ते कळत होतं, ती आपणहून निघाली, तर नुसतं तिच्याबरोबर जाणं म्हणजे तिला 'नेणं' नव्हे. मात्र त्याने आधी फूस लावली असती तर गोष्ट वेगळी. आमच्या प्रकरणात तिकीट त्याने काढलेलं, हा कच्चा दुवा. मुलीने मॅजिस्ट्रेटसमोर जबाब दिला. मी स्वतः गेले, तिकीट मीच काढायला लावलं, बाबा मारतात म्हणून गेले. बाही तेव्हा वर केली.

इथून पुढचं मात्र कोर्टात घडलं नाही. बाल न्याय कायदा २०१५, आणि त्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात असणारी बाल कल्याण समिती. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात किमान एक बाई. जिच्याबरोबर राहतं ती व्यक्ती मारते, छळते, हेळसांड करते असं मूल. ज्याचे आईवडील सांभाळायला अयोग्य ठरले असं मूल. ज्याचं वयाआधी लग्न लावलं जाण्याची भीती आहे असं मूल: ही सगळी 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं'. त्यांना समितीपुढे कोण आणू शकतं? पोलीस, चाइल्डलाइन, नर्स, शिक्षक, कोणीही नागरिक. आणि त्या यादीत स्पष्ट लिहिलंय, स्वतः मूल. १८९० च्या यादीत जे नव्हतं ते इथे आहे. वकील नको, वादमित्र नको, कोर्ट फी नको. १०९८ ला फोन केला तरी चालतं.

ती माझ्या दारात आली त्या संध्याकाळी हे सगळं मला पाठ होतं. ते सांगायला दोन मिनिटं लागली असती.

समितीची कामगिरी सगळीकडे सारखी नसते, हे लपवत नाही. मुलीला अकरा दिवस बालिकागृहात काढावे लागले. तिथे तिला रात्री झोप यायची नाही, कारण दिवा कधी बंद होत नसे. मग सामाजिक तपासणी झाली. म्हणजे समाजसेवक घरी जाऊन, शेजाऱ्यांशी आणि शाळेत बोलून अहवाल देतो. नागपूरला मावशीच्या घराचीही पाहणी झाली. वडील समितीपुढे दोन वेळा आले, दुसऱ्या वेळी पिऊन आले. त्यांच्याबद्दल मला आजही नुसता राग येत नाही. बायको गेल्यावर हा माणूस कोसळला होता, एवढं दिसत होतं. पण मुलीने किती दिवस त्याचा आधार व्हायचं? समितीने मावशीला 'योग्य व्यक्ती' ठरवून मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत तिच्याकडे सोपवली. दाखल्याला समितीचा आदेश जोडला, सहीचा प्रश्न संपला. मावसभावाचं प्रकरण मिटायला मात्र सात महिने लागले. त्याचं पॉलिटेक्निकचं एक सत्र गेलं. त्याबद्दल त्याने मला कधी काही म्हटलं नाही, त्याच्या आईने म्हटलं.

पालक विचारतात म्हणून सांगते: समितीने मूल दुसऱ्याकडे दिलं म्हणून बाप बाप असायचा थांबत नाही. ताबा जातो, नातं जात नाही. मुलाचा वारसाहक्क राहतो, खर्च मागायचा हक्क राहतो. आमच्या भागात लोक पेपरात नोटीस देतात, 'माझ्या मुलाशी माझा काही संबंध नाही, मी त्याला बेदखल केलं आहे.' हजार-दोन हजार रुपये जाहिरातवाल्याला मिळतात, त्यापलीकडे त्या नोटिशीने नातं तुटत नाही. कायद्याने नातं खरोखर बदलतं ते फक्त दत्तक दिल्यावर. आणि हिंदू दत्तक कायद्याने पंधरा वर्षांपुढच्या मुलाला, तशी रूढी नसेल तर, दत्तकही घेता येत नाही.

तिने बारावी नागपूरला केली. आता एकवीस वर्षांची आहे, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मागच्या दिवाळीत ती ओमतीला आली, याच खोलीत त्याच खुर्चीवर बसली. मी या वेळी शहाणपणा करून आधीच विचारलं, कशी आहेस, काय चाललंय, आणि खरं काय विचारायचंय?

म्हणाली, "काकू, बाबांचं लिव्हर गेलंय. काम होत नाही त्यांच्याने. ते माझ्याकडे पोटगी मागू शकतात का? मी कमवायला लागल्यावर?"

मी तिला कल्याणच्या एका डॉक्टर बाईंचा खटला सांगितला. आई लहानपणी गेलेली, वडिलांनी दुसरं लग्न केलेलं. म्हातारपणी वडिलांनी लेकीकडे महिना पाचशे रुपये मागितले. लेक म्हणाली, मी मुलगी, त्यातून लग्न झालेली, माझ्यावर कशी जबाबदारी? १९८७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलीवरही आहे, लग्न झालेल्या मुलीवरही आहे. आज ते कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे. बापाने आधी नीट सांभाळलेलं असलं पाहिजे, अशी अट त्या कलमात लिहिलेली नाही. कोर्टासमोर ते सगळं मांडता येईल, रक्कम ठरवताना न्यायाधीश ऐकतीलही. पण तू त्यांची मुलगी नाहीस, असं कोणी म्हणणार नाही.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तेव्हा पण फॉर्म नव्हता, आता पण नाही."

नाही, मी म्हटलं.

तिने पर्समधून एक कागद काढला. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलची औषधांची चिठ्ठी होती, वडिलांच्या नावाची, त्याच आठवड्यातली. मला म्हणाली, यातलं तिसरं औषध इथे कुठे स्वस्त मिळतं का, घंटाघराच्या बाजूला सरकारी जेनेरिक दुकान आहे म्हणे. मी चप्पल घातली आणि तिच्याबरोबर खाली उतरले.